जेवणाआधी की जेवणानंतर?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि जरा रागातच लिहितोय.

गेली अकरा वर्षं मी मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतो. गारखेड्यातल्या आमच्या सकाळच्या कट्ट्यावरचे निम्मे पेन्शनर घेतात. दोन वर्षांपूर्वी तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, "सर, शुगर आहे, वय आहे, चालायचंच." चालायचंच! इथे पायातली चप्पल निसटली तरी कळेना. शेवटी पुतणीने हट्टाने बी-१२ तपासायला लावलं. अगदी तळाला!

आता गंमत बघा. बी-१२ भाजीपाल्यात नसतं. आम्हा शाकाहाऱ्यांना दूध-दह्यातून मिळेल तेवढंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे भागातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ६७ टक्क्यांना ते कमी होतं, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांना. म्हणजे खिसा आधीच फाटका, आणि मेटफॉर्मिन आतड्यातून त्याचंच शोषण कमी करतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून लवकर कळत नाही. मग पायांना मुंग्या येतात, थेट मधुमेहात येतात तशाच. फार उशीर झाला तर नसा पूर्ववत होतीलच असं नाही.

हे काही गुपित नाही. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने जून २०२२ मध्येच सांगितलंय, लक्षणं दिसली तर बी-१२ तपासा, धोका असलेल्यांचं अधूनमधून तपासत राहा. मग आमच्या चिठ्ठीवर नुसतं "जेवणानंतर" एवढंच का?

ओळखीतले एक डॉक्टर म्हणाले, "सगळं सांगितलं तर लोक घाबरून गोळी सोडतात." अहो, मी चौतीस वर्षं आठवीला शिकवलं. पोरांना कारण सांगितलं की ती ऐकतात, लपवलं की उद्योग करतात. "गोळी सोडू नका, वर्षातून एकदा बी-१२ बघा" हे सांगायला कितीसा वेळ लागतो? (मीही गोळी सोडलेली नाही, उगाच फोन करू नका!)

आमच्या हिची तऱ्हा आणखी निराळी. थायरॉइड, लोह, कॅल्शियम, तिन्ही गोळ्या सकाळी एकदम, वर चहा. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच अडवतात, चार तासांचं अंतर लागतं. चहा लोहाला अडवतो. हे कुणी विचारलंच नाही, थायरॉइडचा डोस मात्र दोनदा वाढवला.

असो. मला इंजेक्शनं चालू आहेत. उजवा पाय सुधारलाय, डावा अजून बधिर. सोमवारी कट्ट्यावरचे सहा जण रक्त द्यायला जाणार आहेत, मी रांगेत सोबत उभा राहीन.