मुलाला झेंडा नंतर द्या, आधी घर द्या

मित्रहो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण मधेच सोडू नका.

मागच्या महिन्यात एक छोटी बातमी दिली होती. आपल्या भागातल्या एका शिशुगृहातली मुलगी परदेशी जोडप्याला दत्तक गेली. नाव नाही, गाव नाही, फोटो नाही, कारण अशा मुलांची ओळख छापायला कायद्यानेच मनाई आहे. मुलीला ऐकायला कमी येतं आणि आपल्याकडे तिला कुणी पसंत केलं नव्हतं, एवढंच लिहिलं होतं. बातमीखाली कमेंटचा पाऊस पडला. काहींनी आशीर्वाद दिले. पण बराच सूर असा होता, "आपली लेकरं गोऱ्यांना विकायला काढली", "तिकडं नेऊन काय करतात देव जाणे". आणि सगळ्यात जास्त लाइक कुठल्या कमेंटला? "रशियाकडून शिका. पुतीनने एका सहीत अमेरिकेला पोरं देणं बंद केलं. याला म्हणतात नेता!"

रशियाचं उदाहरण दिलंच आहे, तर अर्धं कशाला, पूर्ण बघू.

१९९१ साली सोव्हिएत संघ मोडला. कारखाने बंद पडले, पगार महिनोन्‌महिने थकले, दारूने घरंच्या घरं बसली. बालगृहं भरून गेली. यातल्या बहुतेक मुलांचे आईबाप जिवंत होते. पण दारू, तुरुंग, हलाखी यामुळे कोर्टाने त्यांचा पालकत्वाचा हक्क काढून घेतलेला. अशा मुलांना तिकडे 'सामाजिक अनाथ' म्हणतात. १९९२ ते २०१२ या वीस वर्षांत रशियातली सुमारे ६०,००० मुलं अमेरिकेतल्या घरांत गेली. २००४ साली सगळ्यात जास्त, एका वर्षात ५,८६२. इटली, स्पेन, फ्रान्स इथेही गेली, ती वेगळी.

आता कुणाला वाटेल, पैसे टाकले आणि पोर उचललं. तसं नव्हतं. ही वाट कशी होती ते सांगतो.

आधी आपल्याच देशात समाजसेवक घरी येणार. पगार किती, आजार कोणते, नवरा-बायकोचं जमतं का, सगळं तपासणार. मग पोलिसांचे दाखले, डॉक्टरांचे दाखले, बँकेचे, नोकरीचे, घराचे. प्रत्येक कागद नोटरी केलेला, त्यावर सरकारी शिक्का, त्याचं रशियन भाषांतर. एवढा गठ्ठा पुढे गेला की बोलावणं यायचं. मग विमानाने मॉस्को आणि तिथून पुढे रात्रभराची रेल्वे नाहीतर दुसरं विमान, कारण मुलं पेर्म, नोवोसिबिर्स्क, खाबारोव्स्क असल्या लांबच्या प्रांतांत. तिथल्या शिक्षण खात्याचा अधिकारी मुलाची माहिती देणार. मग बालगृहात भेट, दिवसातून तास-दोन तास, असे काही दिवस. हातात मुलाच्या तब्येतीचा कागद, त्यात मेंदूविकाराचे भले मोठे शब्द. काही खरे, काही तिथल्या डॉक्टरी पद्धतीचे. अनेक पालक रात्री हॉटेलमधून मुलाचा व्हिडिओ अमेरिकेतल्या डॉक्टरांना पाठवायचे आणि विचारायचे, हे मूल चालेल का, बोलेल का.

आणि सगळ्यात अवघड भाग पुढे. 'हे मूल आम्हाला हवं' अशी सही करून रिकाम्या हाताने परत यायचं. काही आठवडे, काही महिने वाट बघायची. तारीख लागली की पुन्हा तेवढाच प्रवास. बंद दाराआड कोर्ट. न्यायाधीश, सरकारी वकील, बालगृहाचे लोक. प्रश्नांवर प्रश्न: हेच मूल का? याला आजार आहे, झेपेल का? निकाल बाजूने लागला तरी अपिलासाठी १० दिवस थांबायचं. मग नवा जन्मदाखला, मुलाचा पासपोर्ट, दूतावासात तपासणी आणि व्हिसा. बालगृहाचे कपडे तिथेच ठेवायचे, दुसऱ्या मुलांना लागतात. पालकांनी आणलेल्या कपड्यांत ते मूल दाराबाहेर पडायचं. सगळा खर्च चाळीस-पन्नास हजार डॉलरच्या घरात. घरी पोचल्यावर तीन वर्षं रशियाला अहवाल पाठवायचा, मूल कसं आहे याचा.

हे सगळं योग्यच होतं, असं माझं मत आहे. मूल देताना दहा वेळा तपासलंच पाहिजे. आपण म्हैस घेताना दूध काढून बघतो, मग मूल देताना माणूस बघायला नको?

एवढं करूनही वाईट घडलंच. २००८ च्या जुलैमध्ये व्हर्जिनिया राज्यात एका दत्तक वडिलांनी २१ महिन्यांच्या मुलाला गाडीतच ठेवलं. त्याला पाळणाघरात सोडायचं ते विसरले आणि ऑफिसात गेले. उन्हात तापलेल्या गाडीत मूल गेलं. बाप कोर्टात निर्दोष सुटला. रशियात संताप झाला, आणि तो समजण्यासारखा होता. २०१० मध्ये टेनेसीतल्या एका बाईने सात वर्षांच्या दत्तक मुलाला एकट्याला विमानात बसवून मॉस्कोला परत पाठवलं, सोबत एक चिठ्ठी: मला हे मूल नको. दुकानातली वस्तू बदलून घ्यावी तसं. ऐकूनच अंगावर काटा येतो.

यावर शहाणपणाचं उत्तर काय होतं? ते दोन्ही देशांनी शोधलंही होतं. वाटाघाटी होऊन करार झाला. दत्तक फक्त मान्यताप्राप्त संस्थांमार्फत, पालकांना प्रशिक्षण, नंतरची देखरेख कडक. हा करार १ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला.

आणि दोन महिन्यांत सगळं बंद. का? या दोन महिन्यांत मुलांवर अमेरिकेत काही नवीन आभाळ कोसळलं होतं का? नाही. घडलं ते वेगळंच. सर्गेई मॅग्निट्स्की नावाचा कर सल्लागार होता. सरकारी अधिकाऱ्यांचा मोठा घोटाळा त्याने उघड केला आणि त्यालाच आत टाकलं. २००९ मध्ये तो मॉस्कोच्या तुरुंगात मेला. त्यावरून अमेरिकेने १४ डिसेंबर २०१२ ला कायदा केला: या प्रकरणातल्या रशियन अधिकाऱ्यांना व्हिसा नाही, त्यांची अमेरिकेतली मालमत्ता गोठवणार. दुखणं अधिकाऱ्यांच्या बँक खात्याचं. औषध कुणाला पाजलं? बालगृहातल्या लेकरांना. २८ डिसेंबरला पुतीन यांची सही झाली, १ जानेवारी २०१३ पासून अमेरिकन माणसाला रशियन मूल दत्तक घ्यायला बंदी. कायद्याला लोक नाव देतात ते त्या गाडीत मेलेल्या बाळाचं: दिमा याकोवलेव कायदा. मेलेल्या लेकराच्या नावावर जिवंत लेकरांचं घर बंद केलं.

तिथल्या संसदेत बाजूने ४२० मतं, विरोधात फक्त ७. खुद्द परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी आधी जाहीरपणे सांगितलं होतं की ही बंदी चुकीची आहे. १३ जानेवारीला मॉस्कोच्या कडाक्याच्या थंडीत हजारो रशियन माणसं या कायद्याविरुद्ध रस्त्यावर उतरली. मोर्चाचं नाव होतं 'नीचांविरुद्ध मोर्चा'. तेव्हा 'रशियाकडून शिका' म्हणताना या रशियन माणसांकडूनही शिका.

ज्यांचे कोर्टाचे निकाल आधी लागले होते ती मुलं गेली. पण ज्यांची भेट झाली होती, फोटो काढून झाले होते, 'आम्ही परत येतो' असं सांगून झालं होतं, ती मुलं तिथेच राहिली. यातल्या बऱ्याच मुलांना आजारपण होतं, खास उपचार लागणार होते. ४५ अमेरिकन पालक युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. निकाल लागला १७ जानेवारी २०१७ ला: रशियाने या पालकांवर भेदभाव केला. प्रत्येकाला ३,००० युरो भरपाई. पण हिशेब करा. दोन वर्षांचं मूल निकालाच्या दिवशी सहा वर्षांचं झालं होतं.

चार वर्षं म्हणजे काय, हे रोमानियातल्या एका अभ्यासाने दाखवून दिलंय. बुखारेस्टमध्ये संशोधकांनी १३६ मुलांचा अभ्यास केला. काहींना कुटुंबात ठेवलं, काही संस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, माया लावण्याची ताकद सुधारली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची जास्त. संस्थेत सगळं वेळेवर मिळेल हो, दूध, कपडे, लसी. पण रात्री रडल्यावर तेच एक ओळखीचं माणूस उठून येत नाही. मग मूल रडायचंच सोडतं. बाहेरच्याला वाटतं, किती गुणी बाळ आहे!

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल पत्रकार एकांगी लिहितो. बंदीनंतर रशियाने देशातल्या देशात दत्तक आणि पालक-कुटुंबांवर जोर दिला, मदत वाढवली. २०१२ मध्ये सरकारी यादीत लाखाच्या वर मुलं होती, पुढच्या काही वर्षांत ती निम्म्याच्याही खाली आली. चांगलंच झालं. आपलं मूल आपल्या भाषेत, आपल्या मातीत वाढावं यापेक्षा बरं काय? पण त्यासाठी बंदीची गरज नव्हती. परदेशी पालकांचा नंबर तिथे आधीपासूनच शेवटी होता, रशियन घर मिळालं नाही तरच. म्हणजे दार बंद झालं ते ज्यांना देशात कुणी घेत नव्हतं त्यांच्यासाठी. आणि २०२३ च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायालयाने याच पुतीन यांच्यावर वॉरंट काढलं, युक्रेनची मुलं बेकायदा रशियात नेल्याच्या आरोपावरून. आपली मुलं परक्याला द्यायची नाहीत आणि परक्याची घेऊन यायची. मूल म्हणजे झेंड्याची काठी झाली की असंच होतं.

आता आपल्या अंगणात येऊ.

दत्तकात आपल्याकडे काळाबाजार झालेलाच नाही असं मी म्हणणार नाही. पुण्यातल्याच एका संस्थेच्या परदेशी दत्तक प्रकरणांची सीबीआय चौकशी झाली. लहानपणी युरोपात गेलेली काही मुलं आज चाळिशीत आईचा पत्ता शोधत महाराष्ट्रात येतात आणि कागदच सापडत नाहीत. म्हणूनच नियम कडक झाले. १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सुप्रीम कोर्टाने परदेशी दत्तकाला चौकट घालून दिली. २००३ मध्ये भारताने हेग करार मान्य केला. आज सगळं 'कारा' या केंद्रीय संस्थेच्या ऑनलाइन यादीतून होतं आणि २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. देशातल्या पालकांना आधी विचारलं जातं. त्यांनी घेतलं नाही की मगच परदेशी घर.

आणि इथेच आपलं पितळ उघडं पडतं. यादीत तीस हजारांच्या वर पालक, तीन-साडेतीन वर्षांची वेटिंग. दत्तकासाठी मोकळी मुलं दोन-अडीच हजार, आणि त्यातली बरीच मोठी किंवा आजार, अपंगत्व असलेली. आपल्याला काय हवं असतं? दोन वर्षांच्या आतलं, धडधाकट, रंगाने उजळ. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ दत्तकविधानं झाली, त्यातली ४,१५५ देशातल्या देशात. म्हणजे बाहेर गेली ३६०. ही ३६० पोरं कुणी पळवली नाहीत. यातल्या बहुतेकांची फाइल आपल्याच लोकांपुढून जाऊन परत आली होती.

लिसा स्थळेकर आठवते? १९७९ मध्ये पुण्यात जन्मली, ससूनच्या आवारातल्या 'श्रीवत्स' संस्थेत सोडलेली. तीन आठवड्यांची असताना स्थळेकर दांपत्याने तिला घेतलं आणि परदेशी नेलं. ती ऑस्ट्रेलियाची कर्णधार झाली, तेव्हा "आपली पुण्याची पोरगी" म्हणून आपणच मथळे केले. पोर चमकली की आपली, आणि ऐकू न येणारी असली की? तेव्हा शिशुगृहाच्या गेटवर कुणी भांडत नाही, 'ही आमची आहे' म्हणून.

ज्यांना परदेशी दत्तक खुपतं त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांनी एक करावं. काराच्या वेबसाइटवर नाव नोंदवावं आणि 'मोठं मूल चालेल, आजारी चालेल' यावर खूण करावी. ज्या दिवशी आपल्याकडे अशी पुरेशी घरं तयार होतील, त्या दिवशी परदेशी दत्तक आपोआप बंद होईल. कुणाच्या सहीची गरज पडणार नाही.

जाता जाता तीन कामाच्या गोष्टी. एक: दवाखान्यातून, ओळखीच्या नर्सकडून, एजंटकडून परस्पर मूल घेऊ नका. मुलाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दोन: एखादी मुलगी अडचणीत बाळंत झाली आणि बाळ सांभाळणं शक्य नसेल, तर ते उकिरड्यावर नको. बालकल्याण समितीकडे कायदेशीर सोपवता येतं, नाव गुप्त राहतं आणि विचार बदलायला ६० दिवस मिळतात. तीन: कुठे बेवारस मूल दिसलं तर १०९८ ला फोन करा.

पोस्ट पटली तर पुढे पाठवा. नाही पटली तर कमेंटमध्ये भांडा, मी उत्तर देईन. फक्त शिव्या देण्याआधी त्या ३६० फाइलींपैकी एखादी आपण घेतली असती का, एवढं घरात विचारून या.