पोटॅशियमची कुपी वॉर्डातील कपाटात कशासाठी?

आमच्या लक्ष्मीबाई नगरातील सरकारी घरी महाराष्ट्रातून आलेला पाहुणा बहुधा असतोच. एम्स जवळ, त्यामुळे गप्पांचा विषयही आजारपणाचाच. परवा एक नातलग गावाकडच्या रुग्णालयातील हकिकत सहज सांगून गेले : “आईचे सलाईन फार हळू चालले होते, म्हणून मीच चाक थोडे सैल केले.” त्या बाटलीत पोटॅशियम मिसळलेले होते. परिचारिका वेळीच धावली.

शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तद्रवात ते लिटरमागे अवघे ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट. हे प्रमाण एकाएकी वाढले की हृदयाची विद्युत्‌लय बिघडते आणि ते थांबू शकते. हृदयशस्त्रक्रियेत हृदय थांबविण्यासाठी पोटॅशियमयुक्त द्रावणच वापरतात, हे येथे ध्यानात घ्यावे. म्हणून साध्या शिरेतून ते सर्वसाधारणपणे ताशी १० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा वेगाने देत नाहीत. त्याहून वेग हवा तर ईसीजीची सतत देखरेख लागते.

आता ती कुपी पाहा. १० मिलिलिटर द्रावणात १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट. ओआरएसच्या पुडीतही नेमके एवढेच असते, पण ते एक लिटर पाण्यात विरघळवून घोटाघोटाने प्यायचे! (रुग्ण गिळू शकत असेल आणि कमतरता तीव्र नसेल, तर तोंडाचाच मार्ग बरा.) इंजेक्शनासाठीच्या शुद्ध पाण्याची कुपीही याच आकाराची मिळते. मध्यरात्री थकलेल्या हातांनी चूक झाली, तर दोष केवळ त्या हातांचा कसा?

अमेरिकेतील जॉइंट कमिशनने १९९८ साली रुग्णालयांसाठी काढलेला पहिलाच इशारा या औषधाविषयी होता. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तीव्र द्रावणे वॉर्डातून हलवावीत, असे सुचविले. आपल्याकडेही तयार, सौम्य मिश्रणाच्या पिशव्याच वॉर्डात जाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

लहान रुग्णालयात रात्री औषधनिर्माता नसतो, हा आक्षेप खरा आहे. तेथे निदान कुपी वेगळ्या कुलपात राहावी, दोघांनी ती वाचावी, आणि मिसळल्यावर बाटली अनेकदा उलटसुलट करावी. नाहीतर जड द्रावण तळाशी साचून तेच आधी शिरेत जाते. बाटलीवर मोठ्या मराठी अक्षरांत एक चिठ्ठीही हवी : “पोटॅशियम आहे. चाकाला हात लावू नये.”