हाडांचा रस्सा आणि नावाची सोय

रविवारच्या पुरवण्यांतून 'मनाला दिलासा देणारे पदार्थ' अशा मथळ्याखाली जे लिहिले जाते त्यात खिमट, मऊ भात आणि मुगाची खिचडी यांच्या पंक्तीला अलीकडे व्हिएतनामचा फोही येऊन बसलेला आमच्या पाहण्यात आला. आमची तक्रार त्याच्या येण्याबद्दल नाही. ज्या रीतीने त्याला आत घेतले जाते त्याबद्दल आहे. पाककृतीत 'आवडीनुसार कोंबडी किंवा भाज्या' असे लिहिलेले असते आणि ज्या प्राण्याच्या हाडांवर हा पदार्थ उभा आहे त्याचा उल्लेख शिताफीने टाळलेला असतो. दिलासा नेमका कुणाला दिला जात आहे, हा प्रश्न आम्हांला तिथूनच पडू लागला.

प्रथम नावाविषयी. 'फो' हे लेखन आपण इंग्रजी अक्षरांवरून उचलले. मूळ उच्चार 'फऽ' असा, आणि प्रश्न विचारल्यासारखा सूर खाली उतरवून पुन्हा वर नेणारा आहे. अवग्रहाचे चिन्ह हाताशी असलेल्या भाषेने ते वापरू नये ही गंमतच. पण रूढ झालेले नाव आम्हीही सोडत नाही. या शब्दाच्या व्युत्पत्तीवरून वाद आहेत. कोणी ती फ्रेंच 'पोतोफ' या मांसाच्या रश्श्यात शोधतात, तर कोणी तांदळाच्या शेवयांसाठी असलेल्या चिनी शब्दात. वादाची दोन टोके पाहिली तरी पदार्थाचा जन्म कोणत्या उंबरठ्यावर झाला ते कळते. विसाव्या शतकाच्या आरंभी, उत्तर व्हिएतनाममध्ये, नाम दिन्ह आणि हनोई या परिसरात तो आकाराला आला. व्हिएतनामी शेतकऱ्याच्या दृष्टीने बैल आणि रेडा ही नांगराची जनावरे होती. ती सहसा खाण्यासाठी कापली जात नसत. फ्रेंच आले आणि त्यांच्या मेजासाठी गोमांसाची मागणी वाढली. चांगले तुकडे साहेबाकडे गेले. हाडे, शिरा आणि चिवट मांस स्वस्तात मागे उरले. खांद्यावर कावड घेऊन फिरणाऱ्या विक्रेत्यांनी त्या उरलेल्याचा रस्सा केला. एका मताप्रमाणे तर हे विक्रेते आधी रेड्या-म्हशीच्या मांसाच्या शेवया विकत, आणि बैलाची हाडे स्वस्त झाल्यावर त्यांनी तीच कृती त्यांवर केली.

हे मत आम्हांला सोयीचे आहे, हे कबूल केले पाहिजे. कारण आम्ही घरी हा रस्सा करतो तो म्हशीच्या हाडांचा. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होती. १९९५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेली बैल-वळूंवरील बंदी राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये अंमलात आली. म्हैस आणि रेडा या बंदीबाहेर राहिले. तेव्हा खाटकाकडे जाऊन आम्ही 'मोठ्याच्या नळ्या' मागतो. 'मोठ्याचे' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. ज्याचे नाव घ्यायचे नाही त्याला आकारावरून ओळखण्याची ही तऱ्हा, आणि ती विकणारा व घेणारा दोघांनाही न शिकवता येते.

कृती सांगण्यात आडपडदा कशाला? दोन किलो नळ्या आणि सांध्यांची हाडे मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवून खळखळून उकळावीत; दहा मिनिटांत करडा फेस वर येतो. ते सगळे पाणी फेकून द्यावे, हाडे आणि पातेले धुऊन घ्यावे. ही पायरी वगळणाऱ्याचा रस्सा कायमचा गढूळ राहतो. मग पाच लिटर ताजे पाणी, तीच हाडे, आणि शिजवण्यासाठी छातीकडच्या मांसाचा अर्धा किलोचा अखंड तुकडा. दोन कांदे आणि बोटभर आले सालींसह थेट विस्तवावर, वरून काळे होईपर्यंत भाजावे, काळी साल काढून आत टाकावे. निखाऱ्यावर कांदा-खोबरे भाजून वाटण करणाऱ्या घरात वाढलेल्या कोणालाही हा वास परका वाटणार नाही. पुढे बाद्यान, दालचिनी, लवंग, मसाला वेलदोडा आणि धने कोरडेच भाजून पुरचुंडीत बांधून सोडावेत. आमच्या मसाल्याच्या डब्यातून यासाठी काहीही बाहेरून आणावे लागत नाही. व्हिएतनामच्या उत्तर सीमेवरचा लांग सोन प्रांत बाद्यानासाठी प्रसिद्ध आहे; आपल्या मसाल्यातले ते चांदणीसारखे फूल त्याच दिशेचे पाहुणे आहे, फक्त ते इतके जुने झाले की त्याला कोणी परदेशी म्हणत नाही. खडीसाखरेचा एक खडा, मीठ, आणि शेवटी माशांपासून मुरवलेला 'नुओक माम' चमचा-दोन चमचे. मांसाचा तुकडा दीड-दोन तासांनी मऊ झाला की काढून ठेवावा. हाडे मात्र सहा तास तरी मंद आचेवर राहू द्यावीत. पाणी उकळता कामा नये, नुसते हलावे. प्रेशर कुकरने वेळ वाचतो, पण रश्श्याची पारदर्शकता राहत नाही असा आमचा अनुभव आहे. शेवया तांदळाच्या, रुंद. त्या वेगळ्या उकळून वाडग्यात घालायच्या, वर मांसाचे पातळ काप, कांद्याची पात, कोथिंबीर, आणि त्यावर कढत रस्सा.

एका पावसाळी संध्याकाळी असा रस्सा आम्ही साहित्याची आवड असणाऱ्या चार स्नेह्यांना वाढला. मांस कशाचे आहे हे आधी सांगितले होते. दोघांनी मोकळेपणाने खाल्ले. एकाने नम्रपणे नाकारले, आणि त्या नकारात आम्हांला काही गैर वाटले नाही. चौथ्या गृहस्थांनी मात्र वाडगा संपवून म्हटले, 'एरवी आम्ही हे खात नाही; पण हे व्हिएतनामी आहे, तेव्हा चालते.' मराठी विभागात तीस वर्षे शिकवलेले हे गृहस्थ. आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. घरी आलेल्या माणसाशी रश्श्यावरून वाद घालू नये, एवढा शिष्टाचार आम्हांला आहे. पण तेच हाड, तोच विस्तव आणि तोच बाद्यान गावकुसाबाहेरच्या चुलीवर असता तर 'चालते' हे क्रियापद त्यांच्या तोंडी आले असते का?

आता थोडे वाङ्मयाकडे. थाक लाम या लेखकाच्या हनोईवरील लेखांचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रस्त्यावरच्या फोला मानाचे स्थान आहे. पुढे १९५७ मध्ये न्गुयेन तुआन या निबंधकाराने 'फो' याच नावाचा दीर्घ निबंध लिहिला. कच्चे काप की शिजलेले, यावर त्याने शिजलेल्याची बाजू घेतली. हा पदार्थ कोणत्याही वेळी आणि कोणत्याही थरातल्या माणसाने खाण्याचा आहे असे सांगितले. राजकीय शिस्तीच्या त्या दिवसांत एका वाडग्यावर इतकी पाने खर्च करणे ही चैन ठरली आणि लेखकाला टीका सोसावी लागली. तो निबंध आज तिथल्या गद्याचा अभिमानाचा भाग आहे. पुढच्या युद्धकाळात हनोईच्या सरकारी उपाहारगृहांतून मांसाशिवायचा फो मिळे; अमेरिकेच्या वैमानिकरहित विमानांवरून लोकांनी त्याला 'चालकाविना फो' असे नाव ठेवले. १९५४ च्या फाळणीनंतर आठ-दहा लाख माणसे उत्तरेकडून दक्षिणेत गेली, त्यांच्याबरोबर फो गेला आणि तिकडे त्यात मोड, तुळशीसारखी पाने आणि गोड सॉस शिरले. १९७५ नंतर निर्वासितांनी तो समुद्रापार नेला. ज्याला आज जगभर 'दिलासा' म्हणतात त्याच्या पोटात हे सगळे आहे.

आमच्याकडे असा निबंध का नाही? उत्तर सोपे नाही. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४) आणि 'आयदान' (२००३) यांत अन्न जागोजागी आहे. पण आपण वर्गात ते शिकवतो ते भुकेचा पुरावा म्हणून. प्रश्नपत्रिकेत 'दारिद्र्याचे चित्रण' विचारले जाते. रांधणाऱ्या हाताचे कसब, मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून चान्या करण्यातली दूरदृष्टी, कमी तेलात रस्सा दाट करण्याची युक्ती यांवर कोणी टिपण लिहायला सांगत नाही. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये, म्हणजे नेमके त्या कायद्याच्या वर्षी, आले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाची ती नोंद आहे, पाककृतींसह. २०२४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. मराठीच्या किती अभ्यासक्रमांत ते संदर्भग्रंथ म्हणून तरी लावले गेले, हे वाचकांनी आपापल्या विभागात पाहावे.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. व्हिएतनाममध्ये फो खाल्ल्याने कोणी अस्पृश्य ठरला नाही. तिथे उरलेल्या हाडांना वसाहतीचा इतिहास होता, जातीचा नव्हता. आमच्याकडे तसे नाही. १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले तेव्हा त्या अन्नाला चिकटवलेला अपमान झुगारणे हा त्याचा अर्थ होता. ज्यांच्या आजोबांनी ते निश्चयाने सोडले त्यांना त्यातला स्वाद आठवायला सांगणे ही आमच्यासारख्यांची आगाऊ हौस ठरू शकते. म्हणून तो निबंध आम्ही लिहिणार नाही. आम्ही फार तर वाचक होऊ शकतो, आणि वाचकाने पहिली गोष्ट ही करावी की पदार्थाचे नाव बदलून आपली सोय लावू नये.

तेव्हापासून पाहुणे आले की आम्ही 'व्हिएतनामी सूप' म्हणत नाही. 'मोठ्याच्या हाडांचा रस्सा, शेवया घालून' असे सांगतो. त्या गृहस्थांना पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बोलावले होते. त्यांनी विचारले, जेवायला काय आहे? आम्ही सांगितले. ते आले, गप्पा मारल्या, चहा घेतला आणि पाऊस वाढेल म्हणून लवकर निघाले. रस्सा दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागला. गार झाल्यावर वर आलेली चरबीची पांढरी साय आम्ही पळीने काढून ठेवली. शेजारच्या बाईंनी ती भाकरीच्या पिठासाठी मागून नेली.