पहिले पंधरा दिवस

लष्करी कचेऱ्यांची भाषा मोठी निरुपद्रवी असते. अमेरिकेचे तत्कालीन संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी ९ जुलै २००३ रोजी एक टिपण काढले. खडे सैन्य व राखीव दले यांचे संतुलन असे साधा की, परदेशी तातडीने फौज धाडताना पहिले पंधरा दिवस राखीव सैनिकांना सक्तीने बोलावण्याची गरजच उरू नये, असा त्यातील एक आदेश. या पंधरा दिवसांचा हिशेब आपण नीट समजून घेतला पाहिजे.

त्यासाठी व्हिएतनामकडे वळावे लागते. जुलै १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी तेथील फौज सव्वा लाखापर्यंत नेण्याचे जाहीर केले. राखीव दले मात्र बोलावली नाहीत. ती बोलावली असती तर गावोगावचे दुकानदार, शिक्षक, पोलीस एकदमच घरातून उठले असते आणि हे युद्ध कशासाठी, असे प्रत्येक गावाने विचारले असते. त्याऐवजी सक्तीची भरती दुप्पट झाली. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला तीतून सवलत होती. मजुराच्या मुलाला ती कोठून मिळणार? वशिल्याच्या मुलांना नॅशनल गार्ड हा आडोसाच झाला. (जे दल सहसा लढायला जाणार नव्हते, त्यातच शिरण्यासाठी रांगा!)

१९७३ साली सक्तीची भरती संपली. लष्करप्रमुख जनरल क्रेटन अ‍ॅब्रॅम्स यांच्या कारकिर्दीपासून रसद, वाहतूक, वैद्यकीय सेवा यांचा मोठा भाग राखीव दलांकडे जाऊ लागला. राष्ट्राला विचारल्याखेरीज युद्ध करता येऊ नये हाच त्यांचा हेतू होता काय, याविषयी इतिहासकारांत वाद आहे. परिणाम मात्र दिसला. आखाती युद्धासाठी दोन लाखांवर राखीव सैनिक बोलावावे लागले, देशभर चर्चा झाली आणि जानेवारी १९९१ मध्ये सिनेटने ५२ विरुद्ध ४७ अशा निसटत्या मतांनी युद्धाला संमती दिली.

रम्सफेल्ड यांचे संतुलन हा लगाम सैल करणारे होते. पंधरा दिवसांत सुरू झालेले युद्ध मागे घेता येत नाही. त्या टिपणापूर्वी बगदाद तीन आठवड्यांत पडले होते.

तथापि या लगामाचा फार भरवसा धरू नये. इराकवरील स्वारीसाठीही राखीव सैनिक बोलावले गेले, आणि युद्ध थांबले नाही. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले तेव्हा लुइझियाना गार्डची २५६ वी ब्रिगेड इराकमध्ये होती. युद्ध रोखण्याचे काम ट्रकचालकाच्या आणि परिचारिकेच्या संसारावर टाकणे हा समाजवाद्यांचा मार्ग नव्हे; ते काम लोकप्रतिनिधींचे. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकविरुद्ध बळ वापरण्याची मुभा अध्यक्षांना त्यांनीच देऊन टाकली होती. सिनेटमध्ये ७७ जणांनी होकार दिला. त्यांत २९ डेमोक्रॅट होते.