तुटलेली तार

घाट चढतांना सायकलच्या गिअरची (यास सोपा प्रतिशब्द आम्हांस अजून सांपडला नाहीं) मागील तार तुटली, कीं स्प्रिंगच्या ओढीनें सांखळी मागच्या सर्वांत लहान दातेरी चक्रावर जाते आणि चढण असह्य होते. तार बहुधा हँडलावरील खटक्यापाशींच तुटते. अशा वेळीं आमच्या मतें तिचें मोकळें टोंक आवरणांतून सोडवून तिरक्या नळीलगत पुढें ओढावें. मागचें चाक उचलून पायटा फिरवीत सांखळी मधल्या चक्रावर आणावी व तार पाण्याच्या बाटलीच्या पिंजऱ्याच्या स्क्रूखालीं आवळावी. तंतू सुईसारखे टोंचतात, रुमाल घ्यावा. उरलेली तार गुंडाळावी, आऱ्यांत गेल्यास अनर्थच. एवढ्यावर घर गांठतां येतें. ब्रेकची तार तुटल्यास मात्र मुलांनीं ही युक्ति करूं नये. उतारावर सायकल हातीं धरून चालत यावें.