संगणक संस्थेचा, पत्र माणसाचे

निपाणीतील एका ऑफिसात कारकुनी करणारे आमच्या परिचयाचे एक गृहस्थ. मुलीच्या मामांनी कोल्हापूरहून एका स्थळाची माहिती ईमेलने पाठवली होती. ती छापून घ्यावी म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ऑफिसच्या संगणकावर आपले खाते उघडले. इतक्यात काउंटरवर बोलावणे आले आणि खाते उघडेच राहिले. वरिष्ठांनी ते पत्र वाचले, मागची चार पत्रेही चाळली. मुलीच्या जुन्या आजारपणाची गोष्ट संध्याकाळपर्यंत साऱ्या ऑफिसला कळली आणि ते स्थळ पुढे सरकले नाही. विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "संगणक आमचा आहे."

कारकुनाची चूक नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. कामाच्या संगणकावर खासगी खाते उघडू नये, असा नियम संस्थेने केला तर तो पाळलाच पाहिजे. एका ईमेलमधून आलेला व्हायरस सबंध शाखेचे काम ठप्प करू शकतो. पण नियम मोडल्याबद्दल मेमो देणे वेगळे आणि घरची पत्रे वाचणे वेगळे.

आम्ही बँकेत आहोत, म्हणून बँकेचेच उदाहरण देतो. लॉकरचे कपाट बँकेचे, तिजोरीची खोली बँकेची, एक किल्लीही बँकेचीच. म्हणून मॅनेजर लॉकर उघडून दागिने बघतो काय? लॉकर फोडण्याची वेळ आलीच, तर रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या सूचनांप्रमाणे आधी नोटीस, दोन स्वतंत्र साक्षीदार, चित्रीकरण आणि वस्तूंची यादी लागते. सोन्याला एवढे संरक्षण आहे, मग माणसाच्या पत्राला का नको?

न्यायालयांनीही हेच सांगितले आहे. कॅनरा बँकेच्या खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की खासगीपणाचा हक्क जागेला नव्हे, माणसाला चिकटलेला असतो. ग्राहकाची कागदपत्रे बँकेत ठेवली म्हणून तो संपत नाही. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच वर्षी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने रुमानियातील एका कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. भावाला आणि वाग्दत्त वधूला लिहिलेले त्याचे निरोप कंपनीने छापून काढले होते. देखरेख ठेवायची तर ती कशी आणि किती, हे आधी सांगा, असे त्या न्यायालयाने बजावले.

आपल्याकडील २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मात्र नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा देतो. म्हणून कायद्यावर भिस्त ठेवून स्वस्थ बसता येणार नाही.

सीमाभागात तर हा प्रश्न अधिक नाजूक आहे. काळ्या दिनाच्या फेरीचा निरोप कुणाच्या खात्यात आला, एवढ्यावरूनही बदलीची कुजबुज सुरू होऊ शकते. याबाबत आपण सरकारी ऑफिसांकडे बोट दाखवतो. पण बेळगाव-निपाणीतील कितीतरी पतसंस्था, शिक्षणसंस्था, दुकाने आणि वखारी आपल्याच जुन्या घराण्यांच्या हाती आहेत. तेथील टेबलांवर आपलीच मुले बसतात. त्यांची पत्रे कोण वाचते, हे आपण कधी विचारले आहे काय?

म्हणून संचालक मंडळींना आमची विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत एक पानाची नियमावली मंजूर करा. खासगी खाते चालेल की नाही, कशाची नोंद ठेवली जाते आणि ती कोण पाहतो, हे त्यात स्पष्ट लिहा. गैरव्यवहाराचा संशय असेल तर लेखी कारण द्या आणि कर्मचाऱ्यासमोर तपासणी करा. खासगी पासवर्ड कोणी मागू नये. आणि नोकरदार बांधवांनी घरचा पत्रव्यवहार स्वतःच्या मोबाईलवरच ठेवावा.

जुन्या काळी ऑफिसच्या पत्त्यावर आलेले आंतरदेशीय पत्र शिपाई न फोडता ज्याचे त्याच्या हाती देत असे. तेवढी रीत आपल्या संस्थांनी आजही पाळावी.