कर्सर बिघडलेला नाही, वहिनी!

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात माहेरी अकोल्याला गेले, तर वहिनी अगदी रडकुंडीला आलेल्या. त्या घरबसल्या शिकवणीवाल्यांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देतात. धाकट्याची फी त्यातूनच निघते. "ताई, थे कर्सर पागल झालं वो! म्या एकीकडं टाकाव, अन् थे दुसरीकडंच पयते," म्हणाल्या. दुरुस्तीवाल्यानं फोनवरच निकाल दिला होता, फॉरमॅट मारावं लागेल. म्हणजे आतलं सगळं पुसलं जाणार! आणि दहावीच्या तीन प्रश्नपत्रिका आत, दुसरीकडे नक्कल नाही.

मी इकडे अमरावतीला शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते नि माझे पेपर स्वतःच टाइप करते, त्यामुळे या दुखण्याशी थोडी ओळख आहे. म्हटलं, आधी सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, मग बघू.

मध्ये शब्द घातला की पुढची अक्षरं गिळली जात होती. वहिनी लिबरऑफिस रायटर वापरतात. त्यात 'इन्सर्ट' ही कळ चुकून दाबली गेली की नवं अक्षर जुन्याच्या डोक्यावर बसतं. तीच कळ पुन्हा दाबली, झालं! गिळलेलं परत आणायला लगेच कंट्रोल आणि झेड दाबावं.

कर्सर एकदम चार ओळी वर उडी मारायचा, तो मनगट टचपॅडवर टेकल्यामुळे. वहिनींकडे माउस आहेच. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये टचपॅडच्या पानावर, माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवण्याची खूण असते. ती काढून टाकली.

खरी गंमत पुढेच आहे, आणि ती आपल्या मराठीची आहे, बरं का! 'शिक्षिका' लिहून बघा. डोळ्यांना अक्षरं दिसतात तीन. यंत्राच्या पोटात मात्र आठ तुकडे असतात: श, पहिली वेलांटी, क, हलन्त, ष, पुन्हा वेलांटी, क आणि काना. बाणाची कळ दाबली की कर्सर 'क्षि' एका दमात ओलांडतो, मध्ये थांबत नाही. शब्दाच्या शेवटी उभं राहून बॅकस्पेस दाबली तर एकेक तुकडा जातो. सुरुवातीला उभं राहून डिलीट दाबली तर अख्खं अक्षर. म्हणून नुसती वेलांटी चुकली असेल तर कर्सर अक्षराच्या पुढे नेऊन बॅकस्पेसच दाबावी.

आणि ही वेलांटी! दिसते आधी, पण युनिकोडमध्ये साठवली जाते व्यंजनानंतर. इनस्क्रिप्टमध्येही आधी क, मग वेलांटी. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या प्रमाणातही हाच क्रम आहे. जुन्या टाइपरायटरवर मात्र वेलांटी आधी उमटवायची. वहिनींनी लग्नाआधी टंकलेखनाची परीक्षा दिलेली, हात त्याच वळणावर गेलेला. वेलांटी आधी दाबली की ती एकटीच एका ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकते, आणि वहिनींना वाटे कर्सर घसरला. दोष हाताच्या सवयीचा, आणि तीही चांगल्या शिकवणीतून लागलेली, म्हणून मला तर हसूच येईना.

कधी कर्सर अक्षराच्या पोटात उभा दिसतो. तेव्हा पानाचा झूम शंभर टक्के करून पाहावा, नाही तर फाइल जतन करून, बंद करून पुन्हा उघडावी. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. कर्सर बारीक म्हणून दिसतच नसेल तर विंडोज ११ च्या ॲक्सेसिबिलिटीत 'टेक्स्ट कर्सर'खाली तो जाड करता येतो. मी वहिनींचा केला, मग घरी येऊन माझाही.

संध्याकाळपर्यंत दोन प्रश्नपत्रिका छापून झाल्या. तिसरीत 'स्थितप्रज्ञ' शब्द आला, तेव्हा वहिनींनी मला हात लावू दिला नाही. म्हणाल्या, "थांबा ताई, माह्यं मले करू द्या."